अठ्ठावीस दिवसांचा महिना



दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, सावनेरच्या आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, जवळच्या खेड्यातली. एका दिवसाची मजुरी बुडवून आली होती. तक्रार नवऱ्याची नव्हती, सुनेची नव्हती. पदराच्या गाठीतून तिने बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, पाहा बरं हा मेला का. पंधरा रोज झाले, पोरीचा फोन नाई. मले वाटलं, जावायानं बोलू देनं बंद केलं असन."

फोन मेला नव्हता. चार्जिंग होतं, रेंज होती. रिचार्जची मुदत संपली होती, एवढंच.

"एवढंच" असं मी लिहिलं खरं, पण ते बरोबर नाही. या बाईच्या मुलीची केस दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नोंदलेली आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मारहाणीची केस होती. मुलीला नांदायला परत जायचं होतं, आणि बैठकीत तडजोड लिहिताना तिने स्वतःहून एकच अट घातली होती: रोज रात्री आईशी बोलू द्यायचं. दागिने मागितले नाहीत, वेगळं घर मागितलं नाही. आईशी दोन मिनिटं बोलणं मागितलं. नवऱ्याने सही केली, आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या. त्या कराराला दोन पक्ष होते असं आम्ही समजत होतो. तिसरा पक्षही होता, आणि त्याने सही केलेली नव्हती. तो म्हणजे मोबाईल कंपनी. पंधरा दिवस मुलगी रोज रात्री फोन लावत होती आणि पलीकडून एक गोड आवाज तिला सांगत होता की या क्रमांकावर सध्या ही सेवा उपलब्ध नाही. तिला वाटलं, आई आजारी आहे किंवा रागावली आहे. इकडे आईला वाटलं, जावयाने पुन्हा हात उचलला.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला केस पेपर भरायला शिकवलं होतं. वय, शिक्षण, माहेर, सासर, उत्पन्न, व्यसन असे सगळे रकाने त्यात असत. फोन कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण करतं, हा रकाना नव्हता. आता आम्ही तो घातला आहे, आणि गेल्या काही महिन्यांत त्यात जे लिहिलं गेलं त्यामुळे या वेळचं संपादकीय या विषयावर लिहावंसं वाटलं. हिंसेचे प्रकार सांगताना बायका आता सहज सांगतात की भांडण झालं की तो रिचार्ज करत नाही. अंगाला हातही लावावा लागत नाही. अठ्ठाविसावा दिवस फक्त येऊ द्यायचा.

हे त्याला शक्य होतं, कारण बाजाराने ती सोय करून दिलेली आहे.

थोडं मागे जाऊन पाहू. २००३ साली आपल्याकडे येणारे कॉल फुकट झाले. फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे, घेणाऱ्याने नाहीत. हा बदल गरीब बायकांच्या फार कामाचा ठरला. मिस्ड कॉल ही तर बायकांनी घडवलेली भाषाच होती. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे फोन कर. पैसा न खर्चता निरोप जायचा. २००५ सालाच्या अखेरीस कंपन्यांनी ९९९ रुपयांत 'आजीवन' सेवा विकायला काढली. एकदा पैसे भरा, येणारे फोन कायमचे चालू. पोटाला चिमटा घेऊन ते कार्ड घेतलेल्या बाया मला माहीत आहेत. ते आजीवन कुणाचं आयुष्य धरून होतं, ते कंपन्यांनाच ठाऊक. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी ग्राहकांना कळवलं की महिन्याला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज केला नाही तर आधी जाणारे आणि मग येणारे फोन बंद होतील. खात्यात पैसे शिल्लक असले तरीही. तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, हस्तक्षेप करून सांगितलं की शिल्लक असणाऱ्यांची सेवा अशी तोडू नका. पण किमान रिचार्जची प्रथा रूढ झाली ती झालीच.

त्या ३५ रुपयांचं पुढे काय झालं? एअरटेलचंच उदाहरण घेऊ. २०२१ च्या जुलैत किमान पॅक ७९ रुपयांवर आला, त्याच वर्षी नोव्हेंबरात ९९, २०२३ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक ठिकाणी १५५, आणि २०२४ च्या जुलैत १९९. इतर कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील. २०२४ च्या जूनअखेर तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने दरवाढ जाहीर केली आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात लागू केली. बाजारात तीन दुकानं आणि तिघांनी एकाच आठवड्यात भाव वाढवले, तर आपल्या आठवडी बाजारातली कांदे विकणारी बाईसुद्धा त्याला काय म्हणायचं ते सांगेल. २०१६ साली जिओ आली तेव्हा फुकट कॉलची लयलूट होती. त्या स्पर्धेत एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद पडली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. फुकटची जत्रा उठली तेव्हा मैदानात मोजकेच उरले होते. सरकारी बीएसएनएल स्वस्त आहे, पण आमच्याकडच्या कित्येक खेड्यांत तिची रेंज शोधायला गच्चीवर चढावं लागतं.

आता त्या अठ्ठावीस दिवसांकडे येऊ. बायकांचा अठ्ठावीस दिवसांशी जुना परिचय आहे, पण हा हिशेब निराळा. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात. १९९ प्रमाणे १३ वेळा म्हणजे २,५८७ रुपये. पगार महिन्याने, निराधारांचं अनुदान महिन्याने (आलं तर), बचत गटाचा हप्ता महिन्याने, आणि रिचार्ज तेवढा २८ दिवसांनी. दर महिन्याला तारीख मागे सरकते आणि मजुरीच्या दिवसांशी तिचा मेळ बसत नाही. हे ट्रायलाही दिसलं. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने सांगितलं की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे. कंपन्यांनी तो ठेवला. पण आमच्या गटातल्या बायकांना मी विचारलं तर एकीलाही तो माहीत नव्हता. दुकानदार सांगत नाही, जाहिरातीत येत नाही. नियम पाळला गेला आणि फायदाही कुणाला झाला नाही.

असंच दुसऱ्या एका आदेशाचं झालं, आणि ते जास्त समजून घेण्यासारखं आहे. बटणांच्या फोनवर इंटरनेट चालत नाही, तरी त्या बाईला पॅक घ्यावा लागतो तो डेटासकट. म्हणजे जी थाळी खाता येत नाही तिचे पैसे. यावर ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी आदेश काढला की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक कंपन्यांनी वेगळे द्यावेत, त्यांची मुदत जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आम्हाला वाटलं, चला, आता साठ-सत्तर रुपयांत आई-लेकीचं बोलणं होईल. २०२५ च्या जानेवारीत पॅक आले. एअरटेलने ५०९ रुपयांच्या ८४ दिवसांच्या पॅकमधून ६ जीबी डेटा काढून घेतला आणि किंमत ठेवली ४९९. दहा रुपये कमी! ओरड झाली, ट्रायने दर तपासू असं म्हटल्यावर ते ४६९ झाले. वर्षभराचा पॅक १,९५९ वरून १,८४९ वर आला. जिओचे पॅक आधी ४५८ आणि १,९५८ होते, ते ४४८ आणि १,७४८ झाले.

हिशेब करून पाहा. १९९ रुपयांत २८ दिवस म्हणजे दिवसाला सात रुपयांच्या वर. ४६९ मध्ये ८४ दिवस म्हणजे साडेपाचच्या आसपास. १,८४९ मध्ये वर्ष म्हणजे पाचच्या थोडं वर. एकदम पैसे काढू शकते तिला स्वस्त, रोज कमावून रोज खाते तिला महाग. वाण्याच्या दुकानात चहापत्तीची छोटी पुडी घेणारी बाई किलोने घेणारीपेक्षा महाग चहा पिते, हे आपण दर शिबिरात फळ्यावर मांडतो. तेच इथेही आहे, फरक एवढाच की वाणी निदान उधार देतो. आदेश होता तो ज्यांना डेटा नको अशा गरीब ग्राहकांसाठी. एकदम ४६९ रुपये काढणं मात्र त्यांच्यातल्याच बहुतेकींच्या आवाक्याबाहेरचं. माझ्यासमोर बसलेल्या बाईची दोन दिवसांची वेचणी त्यात गेली असती, आणि वेचणी वर्षातून काही महिनेच असते.

कुणी म्हणेल, कंपन्या धर्मादाय चालवायला बसलेल्या नाहीत. बरोबर आहे. टॉवरला पैसा लागतो, स्पेक्ट्रमला लागतो. जगातल्या इतर देशांच्या मानाने आपल्याकडे मोबाईल स्वस्त आहे हेही खरं, आणि ते मी नाकारत नाही. पण फोन आता चैनीची वस्तू राहिला आहे का? गॅसची नोंदणी फोनवर, बँकेचा निरोप फोनवर, रेशन कार्डाचं, निराधार योजनेचं, मुलीच्या शिष्यवृत्तीचं काम ओटीपीशिवाय होत नाही. २०२५ साली लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीसाठी सेतू केंद्रांसमोर बायकांच्या रांगा लागल्या त्या आपण पाहिल्या आहेत. हा ओटीपी येण्यासाठी नंबर जिवंत हवा, म्हणजे रिचार्ज हवा. सरकार एका हाताने देतं त्यातला वाटा दारातच कंपनीच्या गल्ल्यात पडतो. नागरिक म्हणून उभं राहण्यासाठी जर एखादी वस्तू लागतच असेल, तर तिच्या किमतीचा प्रश्न कंपनीच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

आणि बायकांच्या बाबतीत विश्वासाचा इतिहासही फार चांगला नाही. २०१७ साल आठवा. आधार जोडणीसाठी मोबाईलच्या दुकानात बोट लावायला बायका रांगेत उभ्या होत्या. एअरटेलच्या अनेक ग्राहकांची त्याच बोटावर, त्यांना न कळवता, एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेलं खातं हेच होतं, म्हणून गॅसचं अनुदान तिथे जमा व्हायला लागलं. बाई आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन पासबुक भरून घेत होती आणि तिथे काही दिसत नव्हतं. लाखो ग्राहकांचे कोट्यवधी रुपये असे भलत्याच खात्यात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणी थांबवली, पैसे मूळ खात्यांत परत पाठवावे लागले, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला. दंड झाला खरा. त्या महिन्यांत सिलिंडरसाठी जिने उसने पैसे काढले तिला व्याज कुणी दिलं नाही.

या सगळ्यात मला एक प्रसंग मात्र उभारी देणारा वाटतो, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानाच्या नोंदींसाठी सरकारने फोन दिले. २ जीबी रॅमचे ते फोन तापत, अडकत. २०२१ साली पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं तेव्हा ते त्यात नीट चालेना, आणि भाषा तर इंग्रजी. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी येत असल्याच्या तक्रारी. निकृष्ट यंत्र आणि परकी भाषा, आणि नोंद झाली नाही तर दोष बाईचा, तिला 'तंत्रज्ञान जमत नाही' म्हणून. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन ठेवले. आम्हाला काम करायचं आहे, पण या यंत्रावर नाही, आणि ॲप मराठीत पाहिजे. प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. चांगल्या फोनची मागणी २०२३ च्या फेब्रुवारीतल्या संपातही होती. एकेकटीने दुकानात जाऊन भांडण्याऐवजी सगळ्यांनी एका दिवशी वस्तू परत करणं, हे मला ग्राहक चळवळीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेलं.

आमच्या एका बैठकीत हा विषय मी काढला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "हे ग्राहक पंचायतीचं काम आहे, आपलं नाही. आपण हिंसेवर काम करतो." तिच्याबद्दल मला आदर आहे, पण हे मला पटलं नाही. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या तेल, साखर, रॉकेल यांच्या भावासाठी. तो ग्राहकाचा प्रश्न होता की बाईचा? चूल बाईची म्हणून तो बाईचा झाला. आज फोनचा तसाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरता येईल असा मोबाईल त्यांच्याजवळ आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्यांकडे तोही नाही. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी किती जणींचं सिम स्वतःच्या नावावर आहे, हे आपापल्या गटात विचारून पाहा.

आपल्यालाही यात थोडं वरमावं लागेल. गेल्या वर्षी आमच्या संस्थेने बैठकीच्या सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायला सुरुवात केली. सोय झाली, खर्च वाचला. तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं की बैठकीला येणाऱ्यांत बटणांचा फोनवाल्या दिसतच नाहीत. आम्ही त्यांना काढलं नव्हतं. फक्त बोलावणं जात नव्हतं. कंपनी करते तेच आम्ही विनामूल्य केलं होतं. आता पुन्हा एक मुलगी सायकलवरून वस्तीत निरोप द्यायला जाते.

कायद्याबद्दल थोडं, कारण ते आपल्याला उपयोगी आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही, असं बरीच वर्षं सांगितलं जाई, कारण सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा तसा एक निकाल होता. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की जाता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपल्याला नागपूर. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सेवा घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही या कायद्यात ग्राहक आहे. सिम नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर आहे म्हणून "तुमचा काय संबंध" असं बाईला कुणी म्हणू लागलं, तर हे दाखवा. त्याआधी कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्यायचा, उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंदवायचं.

हे कागदावर सोपं वाटतं. आम्ही एका बाईसाठी करून पाहिलं. तिने न मागितलेली एक सेवा तिच्या नंबरावर सुरू झाली होती. भाषेसाठी एक दाबा, रिचार्जसाठी दोन दाबा, असं करत माणसाचा आवाज यायला पाऊण तास गेला, आणि तो हिंदीतला माणूस विचारत होता की ग्राहक स्वतः बोलत आहे का. ग्राहक म्हणून ज्याचं नाव होतं तो चार वर्षांपूर्वी वारला होता. ती त्याची विधवा. नंबर बदलायचा तर बँक, गॅस, रेशन सगळीकडे बदलावा लागेल, म्हणून तिने तो तसाच ठेवला होता. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे अजून मिळालेले नाहीत. आम्ही सोडलेलं नाही.

ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यात अशा १३ युक्त्या नोंदल्या आहेत. त्यावर पुढे कधीतरी स्वतंत्रपणे लिहू, कारण आपल्यातल्या तरुण मैत्रिणींना तो जाच जास्त आहे.

सध्या आम्ही एक साधं काम घेतलं आहे. सावनेर तालुक्यातल्या आमच्या गटांत प्रत्येकीने एक वही ठेवायची. रिचार्ज कोणत्या तारखेला केला, किती रुपयांचा, पैसे कुणी दिले, पॅक कुणी निवडला, किती दिवस फोन बंद राहिला आणि त्या दिवसांत कुठलं काम अडलं. सहा महिन्यांच्या या नोंदी घेऊन आम्ही ट्रायकडे निवेदन देणार आहोत. मागणी स्पष्ट आहे: फक्त बोलण्याचा, महिनाभराचा, लहान रकमेचा पॅक, आणि मुदत संपली तरी येणारे फोन व ओटीपी बंद न करणं. विदर्भातल्या आणि बाहेरच्या इतर संघटनांनीही अशा वह्या केल्या तर निवेदनाला वजन येईल. तुमच्या नोंदी आम्हाला पाठवा. पोस्टकार्डावर लिहिल्या तरी चालतील, त्याची मुदत संपत नाही.

त्या बाईचा फोन आम्ही केंद्राच्या पैशातून सुरू करून दिला. तिथल्या तिथे तिने मुलीला लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. इकडून ती एवढंच म्हणाली, "नाई वं बाई, मी कायले रागावू." मग फोन ठेवून आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेली आणि बोटाने अठ्ठावीस घरं मोजायला लागली.